पोळ्याच्या दिवशीचं जू

आमच्या घरासमोर एसटी थांबायची, यात आमचा काही गुन्हा नव्हता. थांबा खरा चिंचेखाली होता. ती चिंच एका वादळात आडवी झाली आणि उन्हापावसात लोक आमच्या छपरीत येऊन बसू लागले. मग ड्रायव्हर लोकांनाही सवय लागली, गाडी आमच्या दाराशीच उभी राहायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे सगळं ठरून गेलेलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

माझं माहेर कारध्याचं. वैनगंगेच्या या काठाला आम्ही, त्या काठाला भंडारा. पूल ओलांडला की बाजार, शाळा, दवाखाना सगळं हाताशी. तिथून उचलून मला आणलं ते दिघोरीच्या पुढे, लाखांदूरच्या वाटेवरच्या गावात. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि पावसाळाभर बेडकांचं भजन. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट आहे. दिवसातून एकदोनदा बस यायची आणि तिच्यातून उतरणारा प्रत्येक जण आमच्या छपरीतल्या पितळी गुंडातलं पाणी प्यायचा. विहीर मागच्या वाडीत होती, आणि पाणी ओढणारी मी.

नुसते प्यायचे असं नाही. कुणी चूळ भरायचं, कुणी त्याच पाण्यानं पाय धुवायचं. एकदा एक बाप्या माझ्या देखत लोटाभर पाणी डोक्यावर ओतून केस पुसत गाडीत जाऊन बसला. मी आतून फणफणत आले, तर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुंड उचलून मुकाट विहिरीवर गेले. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, सासऱ्याला मामाजी. आत्याबाईंचं म्हणणं एकच असायचं, "तहानेला मानूस दारात आला तं आंधी पानी द्याव. कोन, कोठचा, हे मंग पुसाव." एका पावसाळ्यात चिंब भिजलेल्या एका बांगडीवालीला त्यांनी स्वतःचं वाळलेलं लुगडं नेसायला दिलं, जेवू घातलं, आणि ती बाई त्याच लुगड्यात बस धरून निघून गेली. लुगडं गेलं ते गेलंच. मी चार दिवस कुरकुर करत होते. आत्याबाई म्हणाल्या, "अवो, अंगावरच गेलं ना? चुलीत तं नाई गेलं!"

मामाजी काहीच म्हणायचे नाहीत. ते मुळात बोलायचे कमी. अंगानं काटक, स्वभावानं तापट, आणि जीव सगळा बैलांच्या जोडीत. मला वाटतं, माझ्या नवऱ्यापेक्षा त्या बैलांशी ते जास्त बोलले असतील. गावच्या पोळ्यात आमची जोडी मानाची होती, म्हणजे तोरणाखाली पहिली उभी राहणारी. ती हलल्याशिवाय पोळा फुटत नसे.

आता पोळ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवानं सोललेल्या त्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद आणि तूप लावायचं, चोळायचं, आणि कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला रीतसर जेवणाचं बोलावणं. एकदा हे बोलावणं दिलं की दुसऱ्या दिवशी बैल पाहुणा. त्याच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवायचं नाही म्हणजे नाही. कुणाचं लग्न असो, मयत असो, आभाळ कोसळो. मी कारध्याची, मला वाटायचं या रीती म्हणजे सणापुरती गंमत. मामाजींना ती गंमत नव्हती.

माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. पोळ्याचा दिवस. सकाळीच हे, म्हणजे माझे मालक, आणि मामाजी बैलांना गावच्या तळ्यात, बोडीत, धुऊन आणून सजवायला बसले होते. शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. मी चुलीपाशी पुरण घोटत होते. दारात पळसाच्या फांद्या खोचलेल्या. दुपार कलायच्या आत साकोलीकडून बस आली आणि थांबली. पण इंजिन काही बंद होईना. नेहमी ड्रायव्हर इंजिन बंद करून छपरीत यायचा, पाणी प्यायचा. मी डोकावून पाहिलं तर तो स्टिअरिंगवर वाकून बसलेला, आणि कंडक्टर त्याच्या पाठीवर थापा मारत होता.

चौघांनी मिळून त्याला उतरवलं, छपरीत आणून निजवलं. आडदांड माणूस होता. या रस्त्यावर नवा, बदलीवर आलेला, साताऱ्याकडचा. गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं, कंडक्टरलाही त्याची ओळख जेमतेम महिन्याची. पोटाला दोन्ही हात धरून तो म्हणत होता, "लई दुखतंय ओ... लई दुखतंय..."

आत्याबाई पदर खोचून पुढे झाल्या. "गोटी सरकली," त्या म्हणाल्या.

गोटी सरकणं म्हणजे बेंबी जागची हलणं. आमच्या भागात पोट दुखलं की पहिला संशय गोटीवर, आणि गोटी बसवण्यात आत्याबाईंचा हात नामांकित होता. लोक लाखांदूरहून पोट घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्यांनी तेल कोमट करून आणायला सांगितलं, मी आणलं. त्यांनी त्याच्या पोटाला हात घातला, उजव्या बाजूला जोर दिला मात्र, तो माणूस असा ओरडला की अंगणातले सजलेले बैल दचकून उभे राहिले. त्याला उलटी झाली. तोंड राखेसारखं पडलं आणि अंगाला गार घाम सुटला. आत्याबाईंनी विस्तवावरून घ्यावा तसा हात मागे घेतला.

"हे गोटी नोहे, माय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "याले दवाखान्यात न्या. लवकर न्या."

आता न्यायचं कसं? बस दारात उभी, पण ती चालवणारा छपरीत लोळतोय. गावात मोटार चालवणारा एकही माणूस नव्हता. ट्रॅक्टर पंचक्रोशीत एकच, त्याचं चाक काढून ठेवलेलं. कंडक्टर बिचारा रडकुंडीला आला होता. यांनी त्याला आमची सायकल दिली आणि म्हटलं, "तू पुढं जा, लाखांदुरात दवाखान्याची जीप असन तं घेऊन ये. आमी मागून येतो." तो चिखलातून सायकल दामटत गेला. सायकलवर ड्रायव्हरला बसवण्यात अर्थच नव्हता, त्याला बसताच येत नव्हतं.

पहिल्यांदा खाट केली. चौघांनी खांद्यावर खाट उचलली आणि निघाले. पण पावसाचे दिवस, रस्त्यावर पोटरीपर्यंत चिखल, आणि चार माणसांची चार पावलं. एकाचा पाय घसरला की खाट कलायची, आणि खाट कलली की वरचा माणूस किंचाळायचा. गावाच्या वेशीपर्यंत कशीबशी गेली आणि तिथून लोक परत आले. कुणीतरी म्हणालं, "असा नेला तं वाटेतच मरन हा."

मग सगळ्यांच्या मनात जे होतं ते एक जण बोलला. "रेंगी काढा."

रेंगी म्हणजे हलकी, बुटकी बैलगाडी, माणसं न्यायची. आमच्याकडे चांगली रेंगी होती. तणस अंथरलं की खाटेपेक्षा मऊ, आणि चाकावर चालणार म्हणजे झोके नाहीत. रेंगी होती, पण बैल पोळ्याचे होते. गावात जितक्या जोड्या तितक्या सजलेल्या, आणि सगळे मामाजींच्या तोंडाकडे पाहत होते. मानाची जोडी जुवाखाली गेली तर बाकीच्यांचीही जाईल, नाही तर कुणाचीच नाही.

मामाजी बैलापाशी उभे होते. एका हातात बाशिंगाची दोरी होती.

"नाई," ते म्हणाले.

छपरीतून त्या माणसाचं कण्हणं येत होतं.

"काल मी याच्या खांद्याले हात लावून आवतन देल्लं," मामाजी म्हणाले. "आज कोन्या तोंडानं जू ठेवू?"

बाप्पा, मला काय झालं कुणास ठाऊक! त्या काळी सून सासऱ्यासमोर येत नसे, बोलणं तर सोडाच. पण माझ्या हाताला अजून त्या तेलाचा वास होता आणि कानात ती किंकाळी होती. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि दारात येऊन उभी राहिले.

"मामाजी," मी म्हटलं, "बैलाले आवतन देल्लं तं मानसाले मराले सोडाचं का? तो बी तं आपल्याच छपरीत येऊन पडला हाय. पानी प्यालेला मानूस हाय तो या घरचं. दोन वर्सांपासून मी पानी ओढून राहिली, ते कायले? असा दारात मराले?"

यांनी माझ्याकडे डोळे वटारले. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र हलले नाही. मी बोलले ते बरोबर बोलले, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. कुणी कितीही म्हणो, सासऱ्याला उलटून बोलली म्हणून. बोललेच मी.

मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता शिव्या पडणार. त्यांनी बाशिंगाची दोरी सावकाश बांधून पुरी केली. गाठ नीट बसली का पाहिलं. मग डोक्यावरचा नवा फेटा काढून बैलाच्या पाठीवर ठेवला, अंगातला सदरा काढला आणि माझ्या हातात दिला.

"बैल बी पावना, अन् हा बी पावना," ते म्हणाले. "दोन पावन्याईत भांडन कायले लावतेस, पोरी? घरचा मानूस कोन हाय? मी."

आणि ते रेंगीकडे गेले, जू उचललं आणि आपल्या उजव्या खांद्यावर घेतलं.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हे पळत गेले आणि जुवाच्या दुसऱ्या टोकाला लागले. बाप एका बाजूला, लेक एका बाजूला. मागून कुणीतरी म्हणालं, "आता हेच जोडी तोरनाखाली उभी करा बापा!" लोक हसले. त्या हसण्यानं सगळ्यांच्या अंगात जीव आला. कुणी तणसाचा भारा आणला, कुणी दोर आणून दांडीला बांधला आणि ओढायला पुढे झाले. बसमधले दोघे-तिघे अजून थांबलेले होते. त्यातला एक पांढऱ्या धोतरातला, सासरी पोळ्याला निघालेला जावई. त्यानं धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि चाकाला हात लावला. ड्रायव्हरला तणसावर निजवलं, डोकं मागच्या बाजूला. आत्याबाई त्याच्या उशाशी बसल्या. पावसाची भुरभूर सुरू झाली होती, म्हणून त्यांनी आपला पदर त्याच्या डोळ्यांवर धरला.

आम्ही बायका मागून ढकलायला होतो. चिखलाच्या बाबतीत पुरुषांनी आम्हाला काही शिकवू नये. महिनाभर धानाचा रोवणा करून, वाकून वाकून, पाय चिखलात कसा टाकायचा आणि कसा काढायचा हे आम्हाला पाठ होतं. पुरुष घसरत होते आणि आम्ही त्यांना आवाज देत होतो, "अंगठा रोवा ना, टाच कायले टेकवता?" अशी आमची वरात चालली. ज्यांच्या अंगणात सजलेले बैल उभे होते, त्या घरांसमोरून माणसं जू ओढत गेली. बैल माना वळवून पाहत होते. माझ्या तोंडावर पाऊस होता आणि मी हसत होते की रडत होते, मला कळत नव्हतं.

नाल्यावर रपटा लागला. रपटा म्हणजे बुटका पूल, पावसाळ्यात त्याच्यावरूनच पाणी वाहतं. पाणी घोट्याच्या वर होतं, फार नव्हतं, पण पलीकडे चढ. तिथे सगळ्यांनी एकदम जोर लावला. चाक दगडाला अडलं, रेंगी मागे आली, आणि जू मामाजींच्या खांद्यावरून सटकून पुन्हा जोरानं त्याच खांद्यावर बसलं. काडी मोडल्यासारखा आवाज आला. मी मागे होते, तरी ऐकला. हे म्हणाले, "बाबा, सोडा, दुसऱ्याले लागू द्या." मामाजी म्हणाले, "चाल." एवढंच. त्यांनी खांदा नाही बदलला. वरचा माणूस आता ओरडतही नव्हता, नुसता हुंकारत होता, आणि आम्हा सगळ्यांना त्याच्या ओरडण्यापेक्षा त्या हुंकाराची भीती वाटत होती.

लाखांदूरला पोचलो तेव्हा कंडक्टर दवाखान्यात आत डॉक्टरांपाशी होता. जीप दौऱ्यावर गेलेली, ती तेवढ्यात परत येत होती. लोकांनी तणसासकट ड्रायव्हरला उचलून आत नेलं. डॉक्टरांनी पोट पाहिलं, सुई दिली आणि म्हणाले, याला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला न्यायला हवं, आतड्याची शेपटी सुजली आहे, फुटली तर संपलं. मग विचारलं, "पोट कुणी चोळलं याचं?"

आत्याबाई भिंतीशी उभ्या होत्या. "मीनं," त्या म्हणाल्या. डॉक्टर त्यांना रागावले नाहीत, फक्त एवढं म्हणाले की असं पोट कधी चोळू नका. पण त्या दिवसापासून आत्याबाईंनी कुणाच्याही पोटाला हात लावला नाही. लोक यायचे, विनवायचे, आणि त्या हात जोडून म्हणायच्या, "दवाखान्यात जा, बापा."

जीप ड्रायव्हरला आणि कंडक्टरला घेऊन गेली. आम्ही रिकामी रेंगी ओढत परत आलो. गावात तोरणाखाली सगळे बैल ताटकळत उभे होते, कारण मानाची जोडी आणायला घरी कुणी नव्हतं. त्या वर्षी आमचा पोळा दिवेलागणीला फुटला. मामाजींनी डाव्या हातानं बैलांची दोरी धरली होती. मी पाहिलं, पण तेव्हा मला अर्थ लागला नाही.

त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही, हळद लावून गप्प बसले. कळलं तेव्हा ते वाकडंच सांधू लागलं होतं. उजवा हात त्यानंतर छातीच्या वर कधी गेला नाही. नांगर सुटला. बंडीवर, म्हणजे मोठ्या बैलगाडीवर, पोतं टाकणं सुटलं. आयुष्यभर ज्यांनी कुणाला आपलं काम करू दिलं नाही, ते बांधीच्या धुऱ्यावर, कडेला बसून लेकाला नांगरताना पाहायचे. त्यांचं काय होत असेल ते मला दिसायचं, आणि माझा जीव तुटायचा.

ड्रायव्हर वाचला, हे कंडक्टरनं पुढच्या फेरीला सांगितलं. ऑपरेशन झालं, भाऊ येऊन त्याला साताऱ्याकडे घेऊन गेला, मग बदलीही तिकडेच झाली. बस्. त्यानंतर ना माणूस, ना चिठ्ठी, ना निरोप. मला भारी राग यायचा. "एक कार्ड टाकाले काय झालं होतं त्याले?" मी म्हणायची. मामाजी म्हणायचे, "पोचला ना जिता? मंग झालं तं. पावन्याच्या मागं मागं जाते का कोनी?"

पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे एक नवी रीत पडली. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकून झाले की आत्याबाई तीच वाटी, तेच पळसाचं पान घेऊन मामाजींपुढे बसायच्या आणि त्यांचा उजवा खांदा शेकायच्या. गावातले लोक चेष्टा करायचे, "काहो, तिसरा बैल घेतला का?" मामाजी चिडायचे, पण खांदा काढून घ्यायचे नाहीत.

अशी बरीच वर्षं गेली. ऐंशी साल उलटलं. गावात हातपंप आला, तरी छपरीतला गुंड होताच, आणि भरणारी मीच. अशाच एका पोळ्याच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, बसमधून एक माणूस उतरला. थोडा सुटलेला, केस पिकायला लागलेले, हातात पिशवी. छपरीत आला, स्वतःच लोटा घेऊन पाणी प्याला आणि मला म्हणाला, "वळखलं का, ताई?"

मी आवाजावरून ओळखलं. आमच्याकडे असं बोलणारं दुसरं कोण आलं होतं?

मी त्याला मागे गोठ्याकडे नेलं. बैलांचे खांदे शेकून झाले होते आणि आत्याबाई मामाजींच्या खांद्याला पान लावत होत्या. तो दोघांच्या पाया पडला. म्हणाला, इतकी वर्षं जमलंच नाही, आई गेली, संसार, नोकरी. दर बेंदराला मनात यायचं, की ज्यांनी मला नेलं त्यांच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे. पोळा इथं आत्ता असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यांच्याकडे बैलांचा सण आषाढातच होऊन जातो. आणि त्यानं पिशवीतून दोन घुंगुरमाळा काढल्या. चामड्याच्या, रुंद, पितळी घुंगरांच्या, खास सांगून करवून घेतलेल्या.

"ती जोडी कुठाय?" त्यानं विचारलं. "मला कंडक्टरनं सांगितलं होतं, गाववाल्यांनी बैलगाडीतून नेलं. मला तर काय दिसत नव्हतं, डोळ्यावर पदर होता. पण त्या बैलांनी चिखलातून काय ओढली ओ गाडी! त्यांच्यासाठी आणल्यात."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी बापाकडे पाहिलं. त्या जोडीतला एक बैल केव्हाच मेला होता, एक म्हातारा होऊन गोठ्यात उभा होता.

मामाजींनी त्याच्याकडे बोट केलं. "तो एक हाय," ते म्हणाले. "घाल त्याच्या गळ्यात. लय ओढली त्यानं."

असं म्हणाले ते! आणि हे गप्प, आत्याबाई गप्प. पण मी गप्प बसणारी नव्हे. हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

"खोटं हाय ते," मी म्हटलं. "पोळा होता त्या दिवशी. बैलाले जू चालत नव्हतं. तुमाले यायनं ओढलं, अन् यायच्या लेकानं. हा खांदा दिसते का तुमाले? रपट्यावर मोडला. तवापासून हात वर नाई जात." मामाजी माझ्याकडे असे पाहत होते की दुसरा दिवस असता तर मी पळाले असते. "पाहा कितीबी," मी म्हटलं. "सांगनारच मी."

त्या माणसाच्या हातात माळा तशाच राहिल्या. मग माळा खाली ठेवून तो शेणामातीत मामाजींपुढे बसला आणि आत्याबाईंच्या हातातली वाटी त्यानं घेतली. पळसाचं पान हळद-तुपात बुडवलं आणि तो खांदा शेकू लागला. त्याला कुणी शिकवायला लागलं नाही, त्यांच्याकडेही आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. हळूहळू, जिथे हाड वाकडं बसलं होतं तिथे अंगठा फिरवत. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

झाल्यावर तो मामाजींच्या कानाशी वाकला. "आज आवतण घ्या," तो म्हणाला, "उद्या जेवायला या."

रात्री तो आमच्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुरणाचं ताट वाढून आणलं, पहिलं, बैलांचं. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि नेऊन मामाजींपुढे ठेवलं.

मामाजींनी ताटाकडे पाहिलं. "आंधी बैलाले," ते म्हणाले. त्यांनी डोळे पुसायला डावा हात वर केला. उजवा वर जातच नव्हता.